वेळ ठरवून दिलीत, आता जागाही द्या

प्रति,
महापालिका आयुक्त, शहर अभियंता आणि वाहतूक शाखेचे पोलीस उपायुक्त,
महाराष्ट्रातील सर्व महानगरपालिका क्षेत्रे

विषय : दुकानांना माल पोचवणाऱ्या गाड्यांसाठी रस्त्यावर थांबायची जागा आखून देण्याबाबत

महोदय, महोदया,

मी पुण्यात मालाचा टेम्पो चालवतो. बोलेरो पिकअप, १.७ टनांची. मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात साखर, तांदूळ, डाळी, तेलाचे डबे भरायचे आणि पेठांतल्या, उपनगरांतल्या किराणा दुकानांवर उतरवायचे, असं काम. कागदावर गाडीत पन्नास किलोची चौतीस पोती बसतात. प्रत्यक्षात व्यापारी "अजून दोन टाक रे" म्हणतोच, पण तो वेगळा विषय आहे. त्यावर कधीतरी आरटीओला लिहीन.

हे पत्र एकट्या पुण्यासाठी नाही. राज्यात २९ महानगरपालिका आहेत आणि जुन्या बाजारपेठा सगळीकडे सारख्याच. मुंबईचं मशीद बंदर घ्या, नाशिकचा रविवार कारंजा घ्या, कोल्हापूरची लक्ष्मीपुरी किंवा नागपूरची इतवारी घ्या. तिथल्या कुठल्याही टेम्पोवाल्याला विचारा, "बाबा, माल उतरवताना गाडी कुठे लावतोस?" तो आधी हसेल. मग म्हणेल, "लावतोय कुठला, घुसवतो."

मोटार वाहन कायदा, १९८८ मधली दोन कलमं मी मुद्दाम बसून वाचली. कलम ११५ आपल्याला गाड्यांवर बंधन घालायचा अधिकार देतं. गर्दीच्या रस्त्यांवर ठरावीक तासांत मालवाहू गाड्यांना बंदी, अमुक टनांच्या वरच्या गाड्यांना दिवसा प्रवेश नाही, हे सगळं त्यातून येतं. त्याच्या दोनच पानं पुढे कलम ११७ आहे. त्यात म्हटलंय की, शासनाने किंवा शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याने स्थानिक संस्थेशी बोलून गाड्यांना थांबायच्या जागा ठरवाव्यात, कायमच्या किंवा ठरावीक वेळेपुरत्या. म्हणजे 'मालाच्या गाडीने इथे अर्धा तास थांबावे' अशी पाटी लावायला नवा कायदा लागत नाही, विधानसभेत विधेयक लागत नाही, दिल्लीची परवानगी लागत नाही. ११५ आमच्यावर रोज चालतं. ११७ मात्र मोटारी, दुचाक्या आणि रिक्षा स्टँडपर्यंत येऊन संपतं. पुण्यात पी-१, पी-२ च्या पाट्या आहेत, सम तारखेला या बाजूला, विषम तारखेला त्या बाजूला. पे अँड पार्क आहे. फूटपाथ रुंद केलेल्या रस्त्यांवर मोटारींसाठी सुबक खाचे काढलेले आहेत. माझ्या रोजच्या रस्त्यांवर मालाच्या गाडीसाठी आखलेला एक चौकोन मला दिसलेला नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. पेठेतल्या दुकानात जी साखर आहे, ती तिथे पोचताना कोणीतरी पार्किंगचा नियम मोडलेला आहे. नियम पाळून ती तिथे पोचूच शकत नाही.

माल उतरवणं म्हणजे काय, ते आता जवळून सांगतो, कारण आपल्या कार्यालयातल्या लोकांना ते दोन मिनिटांचं काम वाटतं. रविवार पेठेतल्या एका दुकानाचं उदाहरण घेऊ. गाडी थांबवली, चारही इंडिकेटर चालू केले. ताडपत्रीची रस्सी सोडली, फाळका पाडला. हमाल मिळाला तर ठीक, नाहीतर पोतं आपल्याच पाठीवर. दुकानाला तीन पायऱ्या, मग गल्ला, मग आत अंधारं गोदाम, तिथे थप्पी लावायची. दुकानदार माल मोजून घेतो. तांदळाचा एखादा कट्टा फाटलेला निघतो, मग तो काट्यावर चढवायचा, किती सांडलं ते ठरवायचं, त्यावरून यार्डातल्या व्यापाऱ्याला फोन. तेलाचा डबा चेपलेला असेल तर तो परत. त्यानंतर बिलावर सही, शिक्का, मागच्या बिलाचा चेक तयार नसेल तर "पाच मिनिटं थांब". सगळं सुरळीत झालं तरी वीस-पंचवीस मिनिटं जातात. सुरळीत फारसं कधी होत नाही.

या वेळात मी कुठे उभा राहायचं? गाडीत स्टिअरिंगवर बसलो तर मोजणी दुकानदार एकटाच करणार, आणि संध्याकाळी "एक पोतं कमी आलं" असा फोन आला की ते पोतं माझ्या नावावर. मोजणीला दुकानात गेलो तर बाहेर गाडीचा फोटो निघतो. मागे पीएमपीची बस येऊन थांबलेली असते, तिच्या मागे रिक्षा, तिच्या मागे शाळेची व्हॅन. सगळ्यांचे हॉर्न. त्या लोकांचा राग मला कळतो. मी त्यांच्या जागी असतो तर मीही शिव्या दिल्या असत्या.

दंडाची रक्कम आपल्याला पाठ आहे. नो पार्किंगला पहिल्या वेळी ५०० रुपये, पुन्हा सापडलं तर १,५०० रुपये. डिसेंबर २०२१ पासून राज्यात हा दर आहे. मोटारवाल्याला १,५०० रुपये झोंबतात म्हणून तो पुढच्या वेळी गाडी नीट लावतो, दंडामागचा विचार हाच ना? मी पुढच्या वेळी काय वेगळं करू? उद्याही त्याच दुकानात माल द्यायचा आहे, आणि दुकान काही जागेवरून हललेलं नाही. ज्याला पर्यायच नाही त्याला केलेला दंड म्हणजे निव्वळ कर झाला. कर लावायचा असेल तर तसा ठराव करून लावा, आम्हाला पावती तरी मिळेल.

आणि तो कर भरतो कोण? ई-चलनाचा मेसेज जातो गाडी ज्याच्या नावावर आहे त्याला. मालक तो मेसेज ड्रायव्हरला फॉरवर्ड करतो आणि महिन्याच्या पगारातून रक्कम वळती करतो. ज्याचा माल आहे तो यार्डातला व्यापारी म्हणतो, गाडी कुठे लावायची ते तुझं काम. ज्याला माल हवाय तो दुकानदार म्हणतो, मी कुठे तुला रस्त्यात लावायला सांगितलं? आमच्या धंद्यात 'ज्याचा माल त्याचा हमाल' अशी एक जुनी मागणी आहे, म्हणजे माल उतरवायचा खर्च मालवाल्याने करावा, गाडीवाल्याच्या माथी मारू नये. हमालीचा तो वाद निदान सगळ्यांच्या समोर चालू आहे. दंडाचा हिशेब कोणी मांडतच नाही, तो गुपचूप ड्रायव्हरच्या खात्यात जातो. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या मालवाहतूकदारांनी संप केला, तेव्हा ई-चलन आणि नो एंट्रीच्या वेळा हे दोन्ही मुद्दे मागण्यांमध्ये होते. संप संघटनांनी केला, त्यात गाड्यांचे मालक पुढे होते. पगारी ड्रायव्हर मागेच उभा होता, नेहमीसारखा.

वेळांचंही तसंच आहे. आपण मालाच्या गाड्यांना सकाळी लवकर आत या, असं सांगता. तत्त्वतः मला ते पटतं. रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवायला कोणाला नको आहे? पण सकाळी सातला पेठेतल्या दुकानाचं शटर बंद असतं. मालक नऊ-साडेनऊला येतो, कुलूप काढतो, झाडू मारतो, देवाला उदबत्ती लावतो, त्यानंतर माल घेतो. तोपर्यंत आपली वेळ संपत आलेली असते. गाडी आत येऊ शकते तेव्हा दुकान बंद, आणि दुकान उघडतं तेव्हा गाडीला बंदी. दोन्ही वेळा ठरवणारे लोक एकाच शहरात राहतात, फक्त एकमेकांशी बोललेले नाहीत. व्यापारी महासंघाला एका बैठकीत बोलावून "सकाळी आठला एक माणूस दुकानात ठेवा, नाहीतर माल दुपारी घ्या" एवढं सांगायला हरकत काय आहे? पुण्याच्या पेठांत तर दुपारी एक ते चार ही वेळ जणू याच कामासाठी राखून ठेवलेली आहे. रस्ते त्यातल्या त्यात मोकळे, गिऱ्हाईक कमी. फक्त मालकांना जेवणानंतर आडवं व्हायचं असतं. मी त्यांच्या झोपेच्या आड येऊ इच्छित नाही, पण नोकर जागा असतो.

आता जागेबद्दल. "रस्तेच अरुंद आहेत, जागा आणायची कुठून?" असं उत्तर मला आत्तापासून ऐकू येतंय. त्यासाठी एक गोष्ट प्रत्यक्ष बघायची विनंती आहे. कुठल्याही बाजाराच्या रस्त्यावर सकाळी दहा वाजता जा आणि दुकानांसमोर काय उभं आहे ते पाहा. दुकानदाराची स्वतःची अॅक्टिव्हा, त्याच्या मुलाची बुलेट, दोन नोकरांच्या दुचाक्या. त्या सकाळी लागतात, रात्री शटर पडल्यावर निघतात. गिऱ्हाईकालाही तिथे जागा नाही, मला तर नाहीच. जो माणूस "गाडी लांब लाव, दुकान झाकलं जातं" असं मला सुनावतो, त्याचीच स्कूटर माझ्या जागेवर दिवसभर पाय पसरून उभी असते. दहा दुकानांमागे एक टेम्पो मावेल एवढी जागा काढली तरी सगळ्यांचा माल त्यावर उतरेल, कारण दहा टेम्पो एकाच वेळी येत नाहीत. आलेच तर रांग लावतील. रांग लावायची सवय आम्हाला आहे, यार्डात गाडी भरायला रोज तेच करतो.

नव्या इमारतींचं दुखणं निराळं आहे. मोठ्या व्यापारी इमारतीच्या नकाशात माल चढवण्या-उतरवण्यासाठी वेगळी जागा दाखवावी लागते. हा नियम बांधकाम नियमावलीत आहे आणि तो काही कालचा नाही. नकाशात ती जागा असते. इमारतीत गेलं की तिथे कधी एटीएम असतं, कधी चहाचं दुकान, कधी "फक्त सभासदांसाठी" अशी साखळी. सुरक्षारक्षक गेटवरच हात आडवा करतो, "टेम्पो आत नाही, बाहेर लावा." बाहेर म्हणजे रस्त्यावर. तळघराच्या तोंडाशी लोखंडी आडवी कांब लावलेली असते, तिच्याखालून मोटार जाते, माझी गाडी जात नाही. भोगवटा प्रमाणपत्र देऊन झाल्यावर त्या जागेकडे पुन्हा कोण बघायला जातं, हा प्रश्न शहर अभियंत्यांनी आपल्याच खात्याला विचारावा. इथे नवा रस्ता लागत नाही, पैसा लागत नाही. मंजूर नकाशे आपल्याच कपाटात आहेत.

आपल्याला हे जमणार नाही, असं मात्र मी मानत नाही. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी, कुमठेकर, टिळक आणि केळकर हे चारही रस्ते आपण मोकळे करून दाखवता. कुठली गाडी कुठे थांबेल, कुठून वळेल, याचे नकाशे आधीच पेपरात येतात आणि बहुतेक सगळं तसं घडतं. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर पादचारी दिन होतो, त्या दिवशी तिथे गाड्यांना बंदी असते, लोक रस्त्याच्या मधोमध फिरतात, मुलं खडूने चित्रं काढतात. चांगला उपक्रम आहे. मीही एकदा घरच्यांना घेऊन गेलो होतो, बायको म्हणाली, हा रस्ता एवढा रुंद आहे हे आजच कळलं. पण लक्ष्मी रोडवरच्या साड्यांना आणि भांड्यांना त्या दिवशीही गोदामातून दुकानात यावंच लागतं. पायी चालणाऱ्याला मोठी जागा द्यायची असेल, आणि ती द्यावीच, तर मालाच्या गाडीची सोय आधी करावी लागेल. नाहीतर ती शेवटी फूटपाथवरच चढते. चढवणारे आहेत, मी रोज बघतो.

आमच्यातही हलकट लोक आहेत, हे लपवायचं कारण नाही. उलट्या दिशेने शंभर मीटर घुसणारे, चौकाच्या तोंडाशी गाडी लावून चहाला जाणारे, रिव्हर्स घेताना मागे न बघणारे. त्यांना दंड करा, वाढवून करा, लायसन्सवर आणा. आखलेली जागा रिकामी असताना कोणी रस्त्यात गाडी लावली तर त्याच्या बाजूने मी एक शब्द बोलणार नाही. आज मात्र तो आणि मी एकाच कलमाखाली, एकाच रकमेला सापडतो. नाक्यावरच्या हवालदारालाही हे माहीत असतं. एका हवालदाराने फोटो काढून झाल्यावर मला सरळ सांगितलं, "मलाही वरून आकडा विचारतात, तू तरी काय करणार आणि मी तरी काय करणार." मग त्यानेच मागची बस थांबवून मला गाडी काढून दिली.

अजून एक गोष्ट, लाज सोडून लिहितो. पहाटे यार्डात गाडी भरल्यापासून दुपारी मोकळी होईपर्यंत लघवीला कुठे जायचं? सार्वजनिक मुतारी असते, पण तिथपर्यंत जायला गाडी कुठेतरी लावावी लागते, म्हणजे पुन्हा तेच. म्हणून बरेच ड्रायव्हर सकाळपासून पाणीच कमी पितात. उन्हाळ्यात, तापलेल्या केबिनमध्ये. मुतखडा हा आमच्या स्टँडवर गप्पांचा नेहमीचा विषय आहे, कोणाला कुठल्या डॉक्टरचा गुण आला वगैरे. मोठ्या नव्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, चांगलं झालं, पण ती साडेतीन टनांच्या वरच्या गाड्यांना. शहरात फिरणारा छोटा हत्ती आणि पिकअप त्याच्या खाली येतात. पाच तास काम झालं की ड्रायव्हरला किमान अर्धा तास विश्रांती मिळावी, हे १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात लिहिलेलं होतं. विश्रांती घ्यायची म्हणजे आधी गाडी थांबायला हवी.

भुसार बाजारातल्या हमालांकडे बघून मला त्यांचा हेवा वाटतो. बाबा आढावांच्या मागे उभे राहून त्यांनी संघटना बांधली, पाठीवरचं शंभर किलोचं पोतं पन्नासवर आणलं, 'कष्टाची भाकर' उभी केली, जिथे आजही आम्ही दोन घास खातो. हमाल एका आवारात असतात, रोज एकमेकांना भेटतात. आम्ही प्रत्येक जण आपापल्या केबिनमध्ये एकटा, वेगवेगळ्या गल्लीत. सभा घ्यायची म्हटलं तरी प्रश्न येतो, गाड्या कुठे लावायच्या! म्हणून हे पत्र.

माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक शहराने पहिल्यांदा एकच बाजाररस्ता घ्यावा. पुण्यात रविवार पेठ घ्या, बोहरी आळीजवळचा भाग घ्या. साडेपाच-सहा मीटर लांब आणि दोन-सव्वादोन मीटर रुंद असे काही चौकोन पिवळ्या रंगाने आखा. पाटीवर स्पष्ट लिहा: फक्त मालवाहू गाडी, तीस मिनिटं, अमुक ते अमुक वेळेत. रात्री तीच जागा रहिवाशांच्या मोटारींना द्या, कोणाची तक्रार राहणार नाही. तीस मिनिटांच्या वर थांबलेल्या टेम्पोला दंड करा आणि त्या चौकोनात स्कूटर लावणाऱ्या दुकानदारालाही तोच दंड करा. ही दुसरी गोष्ट पहिल्या आठवड्यातच झाली पाहिजे, नाहीतर त्या पिवळ्या पट्ट्यांवर स्कूटरच दिसतील. तीन महिने चालवून बघा. त्या रस्त्यावर बस किती वेळ अडकत होती आणि आता किती अडकते, ते मोजा. आकडे वाईट आले तर रंग पुसून टाका, मी पुन्हा पत्र लिहिणार नाही.

पाहणीला येणार असाल तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात या, लोकांचे पगार झालेले असतात आणि किराणा भरायची घाई असते, तेव्हा खरं चित्र दिसतं. दिवाळीच्या आधी आलात तर आणखी चांगलं. सरकारी गाडी मात्र लांब ठेवून या, पेठेत लावायला जागा मिळणार नाही. वाटल्यास माझ्या शेजारच्या सीटवर बसा. मी पहाटे पाचच्या आत भुसार बाजारात गाडी लावतो.

आपला,
एक टेम्पोचालक
मार्केट यार्ड, पुणे